अमेरिकेत नव्याने आलात? आधी कपडे भाड्याने घ्या, मग विकत

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत राहायला येताना आपण बॅगा भरभरून कपडे आणतो आणि त्यातले कितीतरी पहिल्या हिवाळ्यात घडी न मोडता तसेच राहतात. सुती कुर्ते ऑक्टोबरनंतर कामाचे नसतात. ऑफिसात लोक नेमकं काय घालतात याचा अंदाज यायला वेळ लागतो. तोवर थंडी येते, नोकरीची मुलाखत ठरते, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण येतं, आणि मॉलमध्ये जाऊन जे समोर दिसेल ते उचललं जातं. अशा घाईच्या खरेदीतले पैसे सर्वांत जास्त वाया जातात.

नव्या गावात गेल्यावर आपण लगेच घर विकत घेत नाही. वर्षभर भाड्याने राहतो, गल्ल्या ओळखीच्या झाल्या की मग ठरवतो. कपड्यांच्या बाबतीत हेच करता येतं. महिन्याच्या वर्गणीवर कपडे भाड्याने देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत चांगल्या रुळल्या आहेत. माझं स्पष्ट मत असं की नव्याने आलेल्या बाईने यातली एखादी वर्गणी चार-सहा महिने घ्यावी, त्या काळात आपल्याला इथे काय शोभतं आणि काय लागतं ते शिकून घ्यावं आणि मग वर्गणी बंद करून मोजकेच कपडे विकत घ्यावेत. ते कसं करायचं, ते पुढे सांगते.

व्यवहार कसा चालतो

महिन्याला ठरावीक रक्कम कार्डावरून कापली जाते. ॲपवर ठरलेल्या संख्येइतके कपडे निवडायचे, ते घरपोच येतात, वापरायचे, सोबत आलेल्या पिशवीत किंवा खोक्यात भरून परत पाठवायचे आणि पुढच्या महिन्याचे निवडायचे. येण्याजाण्याचा खर्च आणि धुलाई सहसा वर्गणीतच धरलेली असते.

या धंद्यातलं सर्वांत ठळक नाव रेंट द रनवे. २००९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लग्न-पार्टीचे महागडे गाऊन एकेका प्रसंगापुरते भाड्याने मिळत. महिन्याची वर्गणी २०१६ मध्ये आली. तिचं एक प्रचंड गोदाम न्यू जर्सीत, सिकॉकसला आहे, म्हणजे एडिसन आणि जर्सी सिटीच्या आपल्या मंडळींच्या अगदी शेजारी. नूली २०१९ मध्ये आली. अँथ्रोपोलॉजी, फ्री पीपल आणि अर्बन आउटफिटर्स ही दुकानं ज्या कंपनीची, तिचीच ही शाखा. तिसरी आर्मवार, सिएटलची, अंबिका सिंग यांनी २०१६ मध्ये काढलेली; तिचा भर नोकरदार बायकांच्या कपड्यांवर आहे. मोठ्या डिझायनरांचे कपडे हवे असतील तर पहिली, रोजचे रंगीबेरंगी, थोडे हौसेचे हवे असतील तर दुसरी, ऑफिस हेच मुख्य कारण असेल तर तिसरी पाहावी. स्टिच फिक्सचं नावही कानावर येईल. तिथे घरी पाठवलेले कपडे आवडले तर विकत घ्यायचे असतात, भाड्याचा मामला नाही.

आता आई फोनवर हमखास विचारेल तो प्रश्न: दुसऱ्याने अंगात घातलेलं घालायचं? परत आलेला प्रत्येक कपडा धुतला किंवा ड्राय क्लीन केला जातो, तपासला जातो, शिवण उसवली असेल तर दुरुस्त होतो, मगच पुढे जातो. आणि आपल्यालाही हे नवं नाही. थोरल्या बहिणीचे फ्रॉक धाकटीने घातले, गॅदरिंगला ड्रेपरीवाल्याकडून नऊवारी आणली, तेव्हा कुणी नाक मुरडलं नव्हतं. तरीही मन घेत नसेल तर सुरुवात ब्लेझर, जॅकेट, कार्डिगन अशा वरून चढवायच्या कपड्यांनी करा. ते थेट अंगाला लागत नाहीत. महिनाभरात संकोच आपोआप कमी होतो.

पैसे भरण्याआधी कपाट उघडा

ॲप उघडण्याआधी घरातलं कपाट उघडायचं आणि तीन ढीग करायचे. पहिला ढीग रोज किंवा आठवड्यातून अनेकदा लागणाऱ्या गोष्टींचा: जीन्स, काळी पँट, साधे टी-शर्ट, थर्मल, मोजे, आतले कपडे, हिवाळ्याचा जाड कोट, बर्फातले बूट. हे सगळं विकत घ्यायचं, भाड्याच्या यादीत धरायचंच नाही. विशेषतः कोट. शिकागो किंवा बॉस्टनला नोव्हेंबर ते मार्च तो रोज अंगावर असतो. वर्गणीत महिन्याला सहा कपडे मिळत असतील आणि त्यातली एक जागा पाच महिने कोटाने अडवली तर तेवढ्या भाड्यात थोडी भर घालून सेलमधला स्वतःचा कोट येतो आणि पुढे काही वर्षं टिकतो.

दुसरा ढीग आपल्याकडे भरपूर आहे त्याचा. साड्या, कुर्ते, दुपट्टे. यातलं काही भाड्याने घ्यायची गरज नाही, आणि या कंपन्यांकडे ते मिळतही नाही.

तिसरा ढीग बहुतेकींच्या घरात जवळजवळ रिकामा असतो, आणि भाड्याच्या वर्गणीचं खरं काम तिथेच आहे. ब्लेझर, ऑफिसचे टॉप, स्वेटर, पार्टीचा ड्रेस, मुलाखतीचा सूट. यातल्या कशाची किती वेळा गरज पडते ते कॅलेंडर उघडून पुढच्या दोन महिन्यांपुरतं लिहून काढा. आठवड्यातून चार दिवस घरून काम असेल आणि बाकी वेळ मुलांना शाळेत सोडणं-आणणं एवढंच असेल, तर वर्गणी घेऊच नका. ॲपवरचे फोटो फार मोहक असतात. ते पाहण्याआधी कागदावरची ही यादी तयार पाहिजे.

एक प्रसंग असा आहे की तिथे मी कुणालाही निःशंक वर्गणी घ्यायला सांगेन: गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे महिने. शरीर दर महिन्याला बदलत असतं, विकत घेतलेला कपडा सहा-आठ आठवड्यांत तोकडा होतो किंवा अंगावर लोंबायला लागतो, आणि पुन्हा कधी वापरला जाईल याची खात्री नसते. नूलीवर गरोदर बायकांसाठी वेगळा विभाग आहे. बाळाला अंगावर पाजत असाल तर पुढून बटणं असलेले शर्ट आणि ड्रेस निवडा. या काळात स्वतःसाठी काही बरं घालावंसं वाटतं पण पैसे घालवायला जीव होत नाही; ती अडचण अशाने सुटते.

हिशेब असा करा

नूलीची वर्गणी महिन्याला ९८ डॉलर आणि वर कर, त्यात सहा कपडे. म्हणजे एक कपडा साधारण १६ डॉलर ३० सेंटला पडला. सहाही कपडे महिन्यात तीन-तीनदा घातले तर एका वेळचा खर्च साडेपाच डॉलरच्या आत येतो, आणि तो परवडतो. पण सहातले चारच घातले आणि तेही एकेकदाच, तर प्रत्येक वेळी २४ डॉलर ५० सेंट गेले. तेवढ्यात सेलमधला एखादा टॉप कायमचा आपला होतो. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात तर रोजच्या कपड्यांवर विक्रीकरही लागत नाही. वर्षभर वर्गणी चालू ठेवली तर ९८ गुणिले १२, म्हणजे १,१७६ डॉलर होतात, आणि शेवटी हातात एकही कपडा राहत नाही. म्हणूनच मी चार-सहा महिन्यांची मुदत म्हणते. रेंट द रनवेच्या योजना कपड्यांच्या संख्येप्रमाणे वेगवेगळ्या आहेत. दर सगळ्यांचेच बदलतात, तेव्हा त्या दिवशीचे पाहा. पहिल्या महिन्याची सवलत जवळजवळ नेहमी असते, पण हिशेब दुसऱ्या महिन्याच्या पूर्ण रकमेवर करायचा.

माप: इथे घाई नको

सगळ्या पायऱ्यांत वेळ द्यायचा तो इथे. आपल्याकडे कुर्तीचं ३८ म्हणजे छातीचं माप. इथे आठ, दहा, बारा हे नुसते आकडे असतात, आणि एका ब्रँडचा आठ दुसऱ्याच्या सहाएवढा निघतो. शिवणकामाची टेप घ्या आणि छाती, कंबर, नितंब, खांद्यापासून मनगटापर्यंतची बाही आणि स्वतःची उंची इंचांत फोनमध्ये लिहून ठेवा. प्रत्येक कपड्याखाली त्या ब्रँडचा मापांचा तक्ता असतो, त्याच्याशी हे आकडे ताडून पाहायचे.

तक्त्यापेक्षाही उपयोगी पडतात त्या आधी भाड्याने घेतलेल्या बायकांच्या नोंदी. त्या उंची, वजन, नेहमीचा साइज लिहितात, अंगावरचे फोटो टाकतात. आपल्या बांध्याशी मिळतीजुळती एखादी बाई त्यात शोधा. सडपातळ, सहा फुटी मॉडेलच्या अंगावर गुडघ्यापर्यंत आलेला ड्रेस पाच फूट एक इंचाच्या बाईला पोटरीच्या खाली जातो. पाच फूट चार इंच आणि त्याहून कमी उंचीसाठी पेटीट नावाचा वेगळा प्रकार असतो. आपल्यातल्या पुष्कळ जणींना तोच बसतो. खांदा जागेवर येतो, बाही हातावर लोंबत नाही. पेटीटमध्ये हवी ती पँट मिळाली नाही तर घोट्याच्या वर येणारी, क्रॉप्ड म्हणतात ती घ्या. उंच बाईला ती अर्धवट दिसते, आपल्याला बरोबर पायघोळ होते. हे लक्षात ठेवायचं, कारण भाड्याचा कपडा कापता किंवा आत दुमडून शिवता येत नाही.

जंपसूट पहिल्या महिन्यात टाळा. धडाची लांबी जमली नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही तो अंगात जात नाही.

पहिली निवड

पँट विकत घ्या, वरचे कपडे भाड्याने घ्या, असं मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. नीट बसणारी पँट सापडायला वेळ लागतो, पण एकदा दोन चांगल्या पँट हातात आल्या की भाड्याने आलेला प्रत्येक टॉप त्यांच्यावर चालतो. शिवाय लोकांच्या लक्षात टॉप राहतो, काळी पँट राहत नाही. व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये तर ती दिसतही नाही.

सहा कपडे असतील तर तीन टॉप, एक स्वेटर, एक ब्लेझर, एक ड्रेस अशी वाटणी पहिल्या वेळी ठीक होते. पाच कपडे एकमेकांशी आणि आपल्या पँटशी जुळणाऱ्या रंगांचे घ्या. सहावा मात्र असा घ्या की एरवी दुकानात हात लावला नसता. आपण हिरव्या रंगात कशा दिसतो, बोट नेक आपल्याला शोभतो का, हे शिकण्यासाठीच ही जागा आहे. आवडला नाही तर परत जाणारच आहे.

कापडाकडे लक्ष द्या. हिवाळ्यात इथल्या घरांतली हवा हीटरमुळे इतकी कोरडी होते की पॉलिएस्टर अंगाला चिकटतं आणि चटके देतं. लोकर कित्येकींना टोचते, तेव्हा आत पातळ सुती टॉप घालायची तयारी ठेवा. अस्तर आहे का हे नोंदींमध्ये वाचा. फिकट रंगाचे ड्रेस पुष्कळदा पारदर्शक असतात. बाह्या, गळ्याची खोली, लांबी यांचे फिल्टर ॲपमध्ये असतात. ते लावूनच शोधा, नाहीतर शेकडो चित्रांत संध्याकाळ निघून जाते.

ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या लग्नाला जायचं असेल तर आमंत्रणावरचा पोशाखाचा उल्लेख वाचा. ब्लॅक टाय लिहिलं असेल तर पायघोळ गाऊन, कॉकटेल असेल तर गुडघ्याच्या आसपासचा ड्रेस. पांढरा आणि त्याच्या जवळपासचा कुठलाही रंग नवरीचा, तो घालायचा नाही. साडी नेसून गेलात तर उत्तमच, कुणालाही खटकत नाही. अशा एखाद्याच प्रसंगासाठी महिन्याची वर्गणी घेऊ नका. रेंट द रनवेवर एका प्रसंगापुरता एकच ड्रेसही मिळतो.

पिशवी घरी आली की

त्याच दिवशी उघडा. पिशवी किंवा खोकं तसंच जपून ठेवा, परत त्यातूनच पाठवायचं असतं. प्रत्येक कपडा खिडकीच्या उजेडात धरून डाग, उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, अडकणारी चेन बघा, वास घ्या. काही सापडलं तर फोटो काढून लगेच ग्राहक सेवेला कळवा. उशीर झाला की ते तुमच्या हातून झालं की आधीचं, हे ठरवणं अवघड जातं. मग सगळे कपडे घालून पाहा, ज्या बुटांवर आणि ज्या आतल्या कपड्यांवर घालणार आहात त्यांच्यासकट. बसून पाहा, हात वर करून पाहा. जे बसलं नाही ते बाजूला ठेवा आणि का बसलं नाही ते फोनमध्ये लिहा: ब्रँड, साइज, अडचण. पुढे हीच यादी सोन्याची ठरते.

कपडे चुरगळलेले येतात. छोटा स्टीमर घेऊन ठेवा. थेट इस्त्री रेशमावर आणि पॉलिएस्टरवर धोक्याची.

हळद, फोडणी आणि मेंदी

कंपन्यांच्या सूचनांत हे लिहिलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर. साधे डाग, निघालेलं बटण, हलकी झीज यांचे पैसे सहसा लागत नाहीत. कपडा हरवला किंवा कायमचा खराब झाला तर मात्र किंमत वसूल होते, आणि हळदीचा डाग कायमच्या यादीत सहज जाऊ शकतो. घरी आल्यावर कपडे बदला, मगच स्वयंपाकाला लागा, वरण-भातही घरच्या कपड्यांत जेवा. डबा ऑफिसात खात असाल तर मांडीवर मोठा नॅपकिन ठेवा. डाग पडलाच तर साबण अजिबात लावू नका, साबणाने हळद लाल होते. कागदाने टिपून घ्या, थंड पाण्याचा हात लावा, आणि परत पाठवताना डागाचा उल्लेख करा. ओल्या मेंदीच्या हातांनी भाड्याच्या कपड्याला शिवायचं नाही.

दुसरा प्रश्न फोडणीच्या वासाचा. इथल्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर उघडं असतं आणि चुलीवरचा पंखा बहुतेक वेळा हवा बाहेर न टाकता घरातच फिरवतो. लोकर आणि जाड विणीचं कापड तो वास धरून ठेवतं. भाड्याचे कपडे चेनच्या कव्हरमध्ये, स्वयंपाकघरापासून लांबच्या कपाटात ठेवा आणि फोडणी देताना बेडरूमचं दार लावून घ्या. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

परतीची तारीख

वर्गणी आपोआप पुढे सुरू राहते. म्हणजे ५ तारखेला पैसे कापले जात असतील, तर थांबवायचं आहे की चालू ठेवायचं आहे ते त्याआधी ठरवायला हवं. कॅलेंडरमध्ये पाच दिवस आधीची सूचना लावा. पुढचे कपडे निघणं बहुतेक वेळा आधीचे परत गेल्यावर अवलंबून असतं, त्यामुळे उशीर केला तर पुढच्या महिन्याचे आपलेच दिवस वाया जातात.

भरण्याआधी प्रत्येक खिसा तपासा. कानातलं, बस पास, घराची किल्ली अशा वस्तू तिकडे गेल्या की परत मिळणं मुश्कील. ओला कपडा पिशवीत घालू नका. पत्त्याचं लेबल नीट लावा, यूपीएस या कुरिअर कंपनीच्या दुकानात नेऊन द्या आणि पावती मागून तिचा फोटो ठेवा. इमारतीच्या लॉबीत ठेवून निघून जाऊ नका. पार्सल चोरीला गेलं तर आपण पाठवलं होतं हे सिद्ध करायला ती पावतीच लागते. थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस टपाल मंदावतं, तेव्हा दोन-तीन दिवस आणखी आधी पाठवा.

भारतात जाणार असाल तर जाण्याच्या आठवडाभर आधी सगळं परत करून वर्गणी थांबवा. बंद न करता काही काळ नुसती स्थगित ठेवायची सोय असते. हौसेने एखादा भाड्याचा ड्रेस बॅगेत टाकू नका. बॅग वाटेत हरवली तर त्याची किंमत आपल्याला भरावी लागते.

पर्यावरणाबद्दल एक गोष्ट

भाड्याने घेणं म्हणजे पृथ्वीचं भलं, असं जाहिरातींत सुचवलेलं असतं. २०२१ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी जीन्सचं उदाहरण घेऊन हिशेब मांडला, तेव्हा भाड्याच्या पर्यायात कपड्यांच्या ने-आणीमुळे होणारं उत्सर्जन इतकं भरलं की तापमानवाढीच्या दृष्टीने तो सगळ्या पर्यायांत वाईट ठरला. स्वतःचा कपडा जास्त दिवस वापरणं हाच सर्वांत चांगला मार्ग निघाला. याची काळजी असेल तर महिन्यातून एकदाच पार्सल येईल अशी योजना घ्या आणि परत द्यायला मुद्दाम गाडी काढू नका. किराणा आणायला जाताना वाटेत देऊन टाका.

विकत घेणं आणि थांबणं

भाड्याचा कपडा आवडला तर सवलतीत विकत घ्यायची सोय बहुतेक ठिकाणी असते. तो महिन्यात तीनदा घातला असेल तरच विचार करा. ॲपवर सवलत मूळ छापील किमतीवरून दाखवतात. तोच कपडा ब्रँडच्या सेलमध्ये किंवा जुन्या कपड्यांच्या दुकानात याहून स्वस्त असू शकतो, आधी शोधून बघा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत चित्र दिसू लागतं. तुम्ही पुन्हा पुन्हा तेच दोन रंग निवडताय, ब्लेझर अमुक ब्रँडचाच बसतो, स्वेटर हवेत पण गळाबंद नकोत. निवड करताना कंटाळा यायला लागला, किंवा पिशवीतले दोन-तीन कपडे न घालताच परत जायला लागले, की काम झालं असं समजा. खातं बंद करण्याआधी ॲपमधल्या जुन्या ऑर्डरींची पानं आणि आपण दिलेले शेरे यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण खातं गेल्यावर ते दिसतीलच असं नाही. मग ती यादी घेऊन जानेवारीच्या किंवा जुलैच्या सेलला जा, आणि यादीत नाही ते घेऊ नका.